शेंडा खाली, बुंधा वर

४ नोव्हेंबर १९५७. पनवेल.

चि. वसंताचं विलायतेहून पाकीट आलं. दोन पानी पत्र, सोबत घराचे दोन फोटो, एक बाहेरून, एक आतून, आणि घराच्या माहितीचा छापील इंग्रजी कागद. नवीन बिऱ्हाड केलंय. एका म्हाताऱ्या मडमेचं घर, माडीवरच्या दोन खोल्या यांच्याकडे. घर पाचशे वर्षांचं म्हणतो. सगळा सांगाडा लाकडाचा आणि तो बाहेरून उघडा दिसतो. लाकूड काळं, मधल्या भिंती पांढऱ्या. 'भाऊ, तुम्हांला आवडेल म्हणून फोटो पाठवतोय.' आवडेल म्हणजे काय. अर्धा जन्म बैलगाड्यांची चाकं करण्यात गेला, अर्धा घरं उभी करण्यात. भाकरी ताटात तशीच राहिली.

सौ.नं फोटो लांब धरला, मग जवळ धरला. म्हणाली, "हे घर बसायला निघालेल्या म्हशीसारखं दिसतंय."

खोटं नाही. एक अंग कललेलं, मधली तुळई पोक काढून बसलेली, आणि माडी खालच्या भिंतीच्या हातभर पुढे आलेली.

पत्राच्या तळाला, बारीक अक्षरात: कुसुमला चौथा महिना लागला.

सौ. उठली, देवापुढे साखर ठेवून आली. बोलली काहीच नाही. मीही नाही. सूनबाईच्या मागच्या दोन्ही वेळी आम्ही फार लवकर बोललो होतो.

६ नोव्हें.

सकाळपासून हिचा एकच घोषा. असल्या कलंडलेल्या घरात पोटुशी पोर झोपते. उद्या वर कोणी जोरात शिंकलं तर माडी खाली. म्हटलं, पाचशे वर्षांत कोणी शिंकलं नसेल होय. त्यावर भांडी जरा जास्त आवाज करून घासली गेली.

दुपारी हारूनमास्तरांकडून भिंग आणलं. हे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले, इस्रायल समाजातले, शनिवार पाळणारे. पोरं दोन्ही परदेशी गेली, हे आणि त्यांची पुस्तकं इथे. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलं, त्यांचं खरं. ते शनिवारी संध्याकाळी येतील. सोबत आलेला छापील कागद वाचून दाखवतो म्हणाले.

भिंगातून मजा दिसते. खिळा कुठेही नाही. खाच, खाचेत जीभ आणि आरपार लाकडी खुंटी. आमच्या तीर्थरूपांच्या हातचं वाटावं असं. चि. व. लिहितो की पांढऱ्या भिंती म्हणजे आत काटक्यांची विणलेली जाळी, तिच्यावर माती, शेण आणि पेंढा, वरून चुना.

हे वाचून दाखवलं तर सौ. हसायला लागली. "म्हणजे आपला कूडच की. कारवीच्या जागी दुसरी काटकी." आणि थोड्या वेळानं चुलीपाशी आपल्याशीच, "साहेबाच्या भिंतीला शेण."

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे भिंतीसुद्धा निघाल्या. आज प्रथमच तिचा चेहरा जरा सैल.

९ नोव्हें., शनिवार.

दिवेलागणीनंतर हा. मा. आले. शनिवार संपल्याशिवाय ते लेखणी धरत नाहीत, पण वाचण्याला हरकत नव्हती, उगाच थांबलो. असो.

कागदातलं: लाकूड ओक नावाचं. आणि ते लोक ओलं लाकूड वापरत. झाड पाडलं की लगेच तासून उभं करायचं. मी म्हटलं, मास्तर, परत वाचा. आपण सागाचं लाकूड खाडीच्या पाण्यात मुरवतो, सावलीत वाळवतो, वर्षभर त्याची मर्जी सांभाळतो, तेव्हा कुठे त्याला रंधा लावतो. ओल्या लाकडाचं घर म्हणजे वेडेपणा. ते म्हणाले, छापलंय तसंच.

जेवताना उलगडलं. लाकूड जागच्या जागी वाळलं, म्हणून तर वाकलं. पण वाळताना खाचेनं जीभ आवळली, खुंटी आवळली. जितकं वाकडं तितकं घट्ट. हिला सांगितलं, हे घर पडायला निघालेलं नाही, बसून घेतलंय.

ती म्हणाली, "आपल्यासारखं. लग्नात ओले होतो, एकमेकांत अडकूनच वाळलो. आता सरळ करायला गेलं तर मोडेल."



ठरवलं: हिच्यासाठी त्या घराचा छोटा सांगाडा करायचा. हातानं हलवून बघेल, मग खात्री पटेल.

१५ नोव्हें.

चार दिवस सांगाड्यावर. सागाचे तुकडे, उभ्या खांबांसाठी शिवणीच्या फांद्या. पाया, खांब, वर आडवी लाकडं. खाली सगळं सुरेख बसलं. माथ्याला घोटाळा. तिथे एकाच जागी तीन लाकडं येतात. खांब स्वतः, भिंतीवरून लांब जाणारं एक, आणि घराच्या रुंदीवर आडवी पडणारी तुळई. खांबाचा माथा बारीक, खाच घेतली की चिरतो. तीन खांब चिरले. बावीस वर्षांचा असतो तर पटाशी फेकली असती.

मग आतल्या खोलीचा फोटो भिंगाखाली घेतला. तिथे खांबाचा माथा खालच्यापेक्षा जाड. वर जाताना फुगत गेलाय, हाताची ओंजळ करून वर धरावी तसा. त्या ओंजळीत तिन्ही लाकडं आरामात. म्हटलं वा, काय डोकं चालवलंय. जाड टोक वर, म्हणजे—

पटाशी हातातच राहिली.

जाड टोक म्हणजे बुंधा. त्यांचे खांब उलटे आहेत. झाडाचं मूळ आढ्याकडे, शेंडा जमिनीत. एक नाही, दिसतात तेवढे सगळे.

आमच्याकडे सुताराचं पोर रंधा धरायच्या आधी हे शिकतं. झाड उभं होतं तसाच खांब उभा राहिला पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब लागला त्या घरात पाळणा हलत नाही. तीर्थरूप सांगत, त्यांचे तीर्थरूप सांगत. मी स्वतः न बघता, सवयीनं, शिवणीच्या फांद्यांचं जाड टोक खाली घेतलं होतं, म्हणून तर माथे चिरत होते.

कुसुम त्याच माडीवर.

फोटो पंचांगात ठेवला. सौ.ला काही सांगितलं नाही.

१९ नोव्हें.

नेऱ्याला गेलो होतो. धर्मा पाटलाचं घर उभं राहतंय. खांब तासून तयार होते, पण तासलेल्या खांबाचं मूळ कुठलं हे त्याच्या माणसांना कळेना, म्हणून मला गाडी पाठवली. नदीच्या डोहात एकेक सोडला. बुंध्याकडचं टोक पाण्यात जरा जास्त बुडतं, त्यावर कोळशाची खूण करायची. बस, एवढंच काम. धर्माची म्हातारी काठावर बसून होती. तिची नातसून पोटुशी.

"मिस्त्री, उलटा त नाय ना लागनार एकपन?" दहा वेळा विचारलं असेल.

म्हटलं, आजी, मी हाय ना. ती हसली. मला हसू येईना. दुसऱ्याच्या नातसुनेसाठी गुडघाभर पाण्यात उभा, आणि आपली...

परत येताना धर्मानं पावट्याच्या शेंगा दिल्या.

२४ नोव्हें.

सांगाडा पुरा केला होता. फोटोत आहे तसाच, जाड टोक वर घेऊन. सगळं एकदम घट्ट. लपवून ठेवायला हवा होता, पण अंगात खाज. जमलेली वस्तू बघून घेण्याआधी आत कशी ठेवायची. पडवीत ठेवला आणि बाजारात गेलो.

आलो तर सौ. मांडीवर घेऊन बसलेली. दोन्ही हातांनी हलवून बघितला. "हलत नाही हो खरंच." मग अंगठा एका खांबावरून वर नेला, खाली आणला. डहाळीच्या गाठी कुठे तोंड करून आहेत ते सुताराच्या बायकोला सांगावं लागत नाही.

"हे उलटे घातलेत तुम्ही."

मी पिशवी खुंटीला लावत राहिलो.

"तुम्ही नाही घातले," ती म्हणाली. "तिथेच तसे आहेत."

२५ नोव्हें.

अबोला. ताट वाढलं जातं, पाणी ठेवलं जातं, माणूस गैरहजर.

संध्याकाळी तोंड उघडलं. राग उलट्या खांबांवर कमी, माझ्यावर जास्त. मी तिला लहान पोर समजलो काय. मागच्या दोन्ही वेळी सुनेच्या उशाशी कोण बसलं होतं. सगळं खरं. मग म्हणाली, आजच्या आज लिहा, घर बदला. कुणाच्या गोठ्यात राहा, पण त्या घरात नको.

कसं लिहू. चि. व. यंत्राच्या कारखान्यात शिकतो. खांबांचं ऐकून हसेल. तो हसला तरी चालेल, पण कुसुमनं ऐकलं तर? तिचं पोट आणि तिच्या डोक्यात मी घातलेला किडा. शेवटी एवढंच लिहिलं: जागा जुनी आहे, जिना उभा आहे, दुसरी बघता आली तर बघावी. कारण दिलं नाही. सौ.नं ऐकलं, म्हणाली ठीक. टाकलं.

२९ नोव्हें.

हा. मा.ना सहज विचारलं, तुमच्यात खांबाबद्दल काही असतं का. ते म्हणाले, आमच्यात दाराच्या चौकटीला देवाची वचनं लावतात, जाता-येता हात लावायचा. खांबानं आपलं ओझं वाहावं, देवाला मधे आणू नये.

मग माझ्याकडे बघून, "काय झालंय?"

सांगितलं. मास्तर शिकलेले, वाटलं थट्टा करतील. नाही केली. म्हणाले, त्यांची आई ग्रहणात धाकटा भाऊ पोटात असताना सुईला शिवली होती आणि पुढे जन्मभर या धाकट्याच्या प्रत्येक तापाला ती सुई आठवायची. "खरं-खोटं मला माहीत नाही, मिस्त्री. पण भीती खरी असते." तीन कप चहा झाला. उत्तर काही निघालं नाही. बरं वाटलं मात्र.

२३ डिसेंबर

चि. व.चं उत्तर.

भाऊंचं पत्र वाचून कुसुम घाबरली नाही, उलट हसली, म्हणे जिन्याला तिनं दोर बांधून घेतलाय. हे वाचून मी श्वास सोडला. पुढे मात्र लिहिलंय ते त्यानं आजवर कळवलं नव्हतं. हे घर मिळायच्या आधी महिनाभर दोघं दारोदार फिरले. खिडकीत पाटी असायची, खोली भाड्यानं देणे आहे. घंटा वाजवली की दार उघडायचं, यांचे चेहरे बघितले की खोली नुकतीच गेली असं सांगायचे. दुसऱ्या दिवशी पाटी तिथेच. एका ठिकाणी तर पाटीवरच लिहिलेलं, काळ्यांना जागा नाही. कुसुम पावसात पेटीवर बसून रडली.

मग हे कललेलं घर. एडिथबाई, वय सत्तरच्या पुढे. दार उघडलं, कुसुमकडे बघितलं आणि पहिलं वाक्य, 'बाई गं, आधी ओले मोजे काढ.' भाड्याचं दुसऱ्या दिवशी बोलली. आता रोज सकाळी स्वतः जिना चढून कुसुमला दूध आणून देते. जन्म तिचा त्याच घरातला, कुसुम निजते त्याच खोलीतला.

इथवर मोठ्यानं वाचलं आणि थांबलो.

"पुढे वाचा," सौ. म्हणाली.

काही नाही म्हटलं, इकडचं तिकडचं.

"वाचा हो."

वाचलं. बाईंनी लग्न केलं नाही. भाऊ लढाईत गेला. घराण्यातली ती शेवटची, पाठीमागे कोणी नाही.

सौ. तांदूळ निवडत होती. बोटं थांबली. आम्हां दोघांच्याही मनात एकच गोष्ट, उलट्या खांबांच्या घरात थांबलेला पाळणा.

२४ डिसें.

दिवसभर ती तुळशीपाशी, विहिरीपाशी, कुठेही, माझ्यापासून लांब. मी एका गाडीच्या चाकाचे आरे तासत बसलो. दोन वाया गेले.

चार वाजता चहा घेऊन स्वतः आली. जमिनीवर बसली. जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, नाही तर विसरेन.

"पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. कुसुमला आई नाही. असती तर आता ती तिथे असती. मागे दोन्ही वेळा मीच होते, सासू. काय झालं? तेव्हा आपल्या घराचे खांब सरळच होते ना?"

मी तासणी खाली ठेवली.

"त्या बाईनं ओले मोजे काढायला लावले. हे आईचं बोलणं आहे. मग ते कुसुमचं माहेर झालं. आणि सुनेच्या माहेरच्या घराला सासरच्यांनी नावं ठेवायची नसतात. माझ्या माहेरचं छप्पर गळत होतं. तुमच्या आईनं एका शब्दानं काढलं कधी?"

नव्हतं काढलं. उलट एकदा पावसाळ्यात मला कौलं घेऊन पाठवलं होतं.

"तर आता घर बदला म्हणून लिहायचं नाही," म्हणाली. कप उचलला आणि गेली. पायरीवर वळून, "भीती वाटते ती वाटू दे. ती आपल्यापाशी ठेवू."

१४ जानेवारी १९५८. संक्रांत.

विहीणबाईंना, म्हणजे एडिथबाईंना, पत्र लिहायचं ठरलं. सौ. सांगते, मी मराठीत उतरवतो, हा. मा. त्याचं इंग्रजी करतात. पहिल्याच शब्दाला गाडा अडला. विहीणबाईला इंग्रजीत म्हणायचं काय? मास्तरांनी जाडं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, तरी मिळेना. शेवटी लिहिलं, 'बहिणीसारख्या बाईंस'. सौ. म्हणाली, असू दे, तिला कळेल.

मजकूर असा: कुसुमला आंबट आवडतं पण घसा धरतो. डाव्या कुशीवर निजवा. तिला रडू आलं की ती शेवयांसारखं काहीतरी शिजवायला घेते, तेव्हा अडवू नका. तीळगूळ पाठवते, दातांना सांभाळून.

मास्तर हे सगळं गंभीरपणे इंग्रजीत उतरवत होते. मधेच चष्मा काढून खिडकीकडे बघत बसले. त्यांच्याही सुना लांबच.

१८ फेब्रुवारी

विहीणबाईंचं उत्तर आलं. अक्षर मुंगीच्या पायांसारखं. तीळगूळ चहात बुडवून खाल्ला. कुसुमची तब्येत चांगली, डॉक्टर समाधानी. सातवा सरत आला. सौ.नं दोन्ही हात जोडले.

शेवटच्या चार ओळी माझ्यासाठी. 'तुम्ही सुतार आहात असं वसंत म्हणतो. माझ्या घराबद्दल तुमचं मत काय? लोक कौतुक करतात ते झुकल्याचं करतात. सुतारानं मात्र कधी काही सांगितलं नाही.'

आता आली का पंचाईत. मास्तर म्हणाले, दोन गोड शब्द लिहू, उत्तम घर आहे वगैरे. पण कामाबद्दल विचारल्यावर कारागिराला खोटं बोलवत नाही, आणि ती बाई त्या कारागिरांची वारस.

२० फेब्रु.

दोन दिवस घेतले. लिहिलं ते असं: 'आमच्याकडे खांब झाडासारखा उभा करतात, मूळ खाली. तुमच्या सुतारांनी मूळ वर घेतलं. प्रथम बघून मी घाबरलो. मग हातानं छोटा सांगाडा करून बघितला तेव्हा समजलं. तीन लाकडांचं ओझं एका माथ्यावर घ्यायचं तर आपली ताकद वर न्यावी लागते, पाय बारीक राहिले तरी चालतात. काम चोख आहे. माझ्या बापानं बघितलं असतं तर टोपी काढून आत गेला असता.'

घाबरलो कशाला ते लिहिलं नाही. खोटंही काही लिहिलं नाही. हिला वाचून दाखवलं.

"बापानं टोपी काढली असती?"

काढली असती. नंतर घरी येऊन आंघोळही केली असती, म्हटलं. ती पदर तोंडाशी लावून हसली. फार दिवसांनी.

९ मार्च

नेऱ्याहून निरोप. धर्माच्या पोराला मुलगा झाला, वास्तुशांतीच्या आधीच. म्हातारीनं माझ्यासाठी गूळ-खोबरं पाठवलं. निरोप्या म्हणाला, "आजी बोलते, मिस्त्रीचा हात चांगला हाय."

आनंद झाला. का कोण जाणे, छातीत काहीतरी टोचलंही. सौ.नं गूळ-खोबरं सगळ्या आळीत वाटलं, आमच्यासाठी चिमूटभर ठेवलं. मी खाल्लं. तिनं डबीत झाकून ठेवलं.

३० मार्च

पाडवा होऊन गेला. नववा चालू. चि. व. लिहितो, तार करीन. तेव्हापासून सायकलची घंटा वाजली की दोघंही एकमेकांकडे न बघता दाराकडे बघतो.

अळीव, डिंक, सुंठ बोटीनं गेलं आहे, पोचलं असावं. कुसुमला करून कसं घालायचं ते मास्तरांनी विहीणबाईंना लिहून दिलंय. मास्तरांनी आयुष्यात अळिवाचा लाडू वळलेला नाही, तेव्हा काय होईल देव जाणे.

मनातून अजून जात नाही. काल आंघोळ करताना, आज तासणीला धार लावताना, तेच. शेंडा खाली. मी त्या खांबाला म्हणतो, बाबा, तू पाचशे वर्षं उभा आहेस, अजून थोडे दिवस नीट उभा राहा. झाडाशी बोलणं आमच्या धंद्यात चालतं.

दुपारी सौ.नं पेटी उघडली. आत्ता आत्ता घेतलेली नवी साडी काढली, हिरवी, जरीच्या काठांची. विहीणबाईंचा मान. म्हटलं नऊवारी ती नेसणार कशी. "नेसेल नाही तर खिडकीला लावील. तो तिचा प्रश्न." मुलगा झाला तर हिरवी, मुलगी झाली तरी हिरवीच, म्हणत घडी घालायला लागली.

मी दुसरं टोक धरलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "आणि काहीच नाही झालं तर?"

हात थांबले नाहीत तिचे. काठाला काठ जुळवला, घडी सरळ केली, माझ्या हातातलं टोक घेतलं.

"तरी हिरवीच," म्हणाली. "दार तिनं उघडलंय."

साडी वर्तमानपत्रात बांधून देवळीत ठेवली आहे. उद्या टपालकचेरी उघडली की मास्तर आणि मी जाऊन पाठवून येऊ.